पयलं पान

"पयलं पान वाचलं का, बाबू?"

कुणी वही उघडली की चाचा आधी हे विचारत. उत्तराची वाट न पाहता वही मिटून ती पुन्हा पहिल्या पानावर उघडत आणि तळहाताने ते पान सपाट करत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना कटकटे म्हणतो.

धानोऱ्याच्या आमच्या आरोग्य कचेरीच्या नोंदवह्या तेच बांधत. बस थांब्यामागे त्यांचं दुकान होतं: एक टेबल, खळीचा डबा, जाड सुई. मी ब्रह्मपुरीचा, नागपूरला वर्षभर कॉम्प्युटर शिकून आलेला. कचेरीतला एकुलता एक कॉम्प्युटर माझ्या ताब्यात होता. त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढताना मी जो चेहरा करायचो, तो आठवला की आजही मान खाली जाते.

चौदा उपकेंद्रांतून तापाच्या चौदा वह्या येत, चौदा तऱ्हांच्या. एकीत गाव आधी, दुसरीत तारीख. कुठे वय वर्षांत, कुठे नुसतं 'लहान' किंवा 'मोठा'. वह्या जशाच्या तशा टाइप होत. त्या वाचायला मी प्रत्येक वहीसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहिला. मग चुका शोधायला आणखी चौदा, यादी छापायला आणखी चौदा. प्रोग्रॅम वाढत गेले तशी आपली विद्वत्ताही वाढते आहे, असं मला वाटे.

"अन् उद्या एखाद्या नर्सबाईनं वहीत रकाना वाढवला त?" चाचांनी विचारलं.

"तिच्या वहीच्या तिन्ही प्रोग्रॅममध्ये बदल करीन."

"माही सुई एकच आहे. वही जाड का पातळ, कुठी टोचायचं, ते मी वहीले इचारतो. दर वहीले नवी सुई घडवली असती त लोहार झालो असतो ना बे."

हा विषय तांत्रिक आहे, असं मी त्यांना समजावून सांगितलं.

प्रत्येक वहीचं पहिलं पान ते स्वतः लिहून चिकटवत. नर्सबाईंना विचारून, कोणत्या रकान्यात काय असतं, काय चालतं, काय चालत नाही, सगळं त्यावर मांडत. एका वहीवर लिहिलं होतं: 'शून्य म्हणजे गावात गेलो, ताप कुणाला नाही. आडवी रेघ म्हणजे गावात जाणं झालं नाही.' त्या पानावर आकडे नसल्याने ते टाइप करू नका, असं टायपिस्टला मीच सांगून ठेवलं होतं.

एका वर्षी, पावसाळा तोंडावर असताना, मी तापाच्या गावांची यादी छापली. नाले भरण्याआधी औषधांची जीप कुठे पाठवायची, ते त्या यादीवरून ठरणार होतं. चाचा नव्या वह्या द्यायला आले होते. सवयीने त्यांनी यादी जुन्या वहीशेजारी ठेवली. त्यांचं बोट एका गावावर थांबलं.

"इथी शून्य कोनं टाकलं?"

"कॉम्प्युटरने," मी म्हणालो.

"कॉम्प्युटर गेलता काय त्या गावाले?"

वहीत तिथे आडवी रेघ होती. नर्सबाई दोनदा निघूनही त्या गावी पोचू शकल्या नव्हत्या. माझ्या प्रोग्रॅमला रेघ कळली नाही, त्याने शून्य केलं. कुणी न पाहिलेलं गाव तापमुक्त ठरलं आणि जीपच्या वाटेतून गळलं.

"पयलं पान वाचलं का, बाबू?"

त्या दिवशी मात्र चाचा उत्तरासाठी थांबले.

"नाही," मी म्हणालो.

कचेरीच्या डॉक्टरबाईंनी त्याच दुपारी जीप वळवली. त्या गावात घरोघरी माणसं तापाने पडून होती. औषध पोचलं. चार दिवसांनी नाला भरला आणि वाट बंद झाली.

पुढचा आठवडा मी चाचांच्या दुकानात स्टुलावर बसून चौदा पहिली पानं उतरवली. कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत प्रत्येक वहीचं एक पान, आणि प्रोग्रॅम फक्त तीन: वाचणारा, तपासणारा, छापणारा. तिघेही आधी पान विचारत, मग वहीला हात लावत. बेचाळिसाचे तीन झाले.

"म्हंजे सुई झाली," चाचा म्हणाले.

काही वर्षांनी हीच युक्ती मला एका इंग्रजी निबंधात सापडली, ग्रीक अक्षरांत मांडलेली. मी तो छापून मोठ्या हौसेने चाचांना दाखवायला नेला. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले. "याचं पयलं पान कुठी आहे?" घाईत ते छापायचंच राहिलं होतं.

नोकरी बदलून मी नागपूरला निघालो तेव्हा त्यांनी हाताने बांधलेली एक छोटी वही दिली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'पहिला रकाना: तारीख, दर महिन्याची एक. दुसरा: धानोऱ्याला येणं झालं का. भेट झाली तर काय बोललो ते लिहावं. आलो आणि भेट नाही झाली तर शून्य. येणंच झालं नाही तर आडवी रेघ.' मी हसून वही पिशवीत टाकली.

पहिल्या वर्षी दोन नोंदी झाल्या. मग पुढच्या महिन्यात जाऊ, असं म्हणत राहिलो. चाचांचे हात कापतात, सुईत दोरा जात नाही, असं कुणीतरी फोनवर सांगितलं. तेव्हाही पुढच्या महिन्यातच जाणार होतो.

गेल्या आठवड्यात ते गेल्याचं कळलं आणि मी पहिली बस धरली. पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. दुकानाला कुलूप होतं.

घरी येऊन ती वही काढली. पहिलं पान तळहाताने सपाट करून वाचलं. पुढचे रकाने मी कोरेच सोडले होते, आणि कोऱ्या रकान्याला त्या पानावर काही अर्थ दिलेला नव्हता. पट्टी घेऊन महिन्यामागून महिना आडव्या रेघा ओढत बसलो. फार वेळ लागला.

शेवटच्या ओळीत गेल्या आठवड्याची तारीख लिहिली. तिथे रेघ चालली नसती. या वेळी मी गेलो होतो. तिथे शून्य लिहिलं.