चार बोटं रिकामी

माशांच्या टाकीखाली बसवायची गाळणीची छोटी काचपेटी, म्हणजे संप, आज मी पहिल्यांदा कागदावर आखली. जागा वाया जाऊ नये म्हणून त्यात पाणी काठोकाठ धरलं. दुकानाचे मालक अण्णा हसले. "अरे शहाण्या, वीज गेली की पंप थांबणार, वरच्या टाकीतलं पाणी खाली परत येणार. त्याला जागा कुठाय?" नववीत शाळा सोडलेल्या मला ते असं शिकवतात, हे माझं नशीब. पाण्याची रेघ चार बोटं खाली घेतली आणि त्या रिकाम्या पट्टीकडे बघत राहिलो.

गावाकडे आमची एकच खोली. भावाचं लग्न झालं, कपाट आलं. मी दोन वर्षांत गेलो नाही. शेवटी भीतभीत फोन केला. "आई, आलो तर झोपू कुठं?"

"कपाट दाराआड सरकवलंय. दार निम्मंच उघडतं, पण तुझ्या अंथरुणाची जागा मोकळी आहे. ये तर आधी."