सरासरीचा पाठ

धुळ्याच्या त्या सराव शाळेतल्या चौथीच्या वर्गावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो गेला असं दाखवण्याचं मला काही कारण दिसत नाही. लोक म्हणतात, लहान मुलं होती ती. होती. दहा-अकरा वर्षांची होती. पण त्या वर्षी माझी नोकरी राहते की जाते हे त्यांच्या हातात होतं, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

जळगावच्या पूर्वेकडे, केळीच्या पट्ट्यातल्या एका गावात मी आठ वर्षं शाळा चालवली होती, पण ट्रेनिंग न झालेला मास्तर म्हणून. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाल्यावर जिल्हा स्कूल बोर्डाचं पत्र आलं. धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात वर्ष काढून या. पास झालात तर कायम, नाही तर तुमच्या जागी ट्रेन्ड माणूस येईल. माझं वय एकतीस. घरी आई, बायको, दोन मुलं, आणि नोकरीशिवाय दुसरं काही नाही.

लेखी परीक्षेची मला भीती नव्हती. भीती होती पाठाची. वर्षाच्या शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर कॉलेजला जोडलेल्या सराव शाळेतल्या खऱ्या मुलांना एक पाठ द्यायचा, आणि त्यात नापास तो सगळ्यात नापास. त्याआधी एक टीकापाठ असे. नावाप्रमाणेच तो होता. आपण शिकवायचं, बाकीच्या विद्यार्थी-शिक्षकांनी मागच्या भिंतीशी वह्या घेऊन बसायचं, आणि पाठ संपला की एकेकाने उभं राहून आपले वाभाडे काढायचे.

मी टीका करायचो ती आकड्यांत. मला दुसरी येत नाही. कोणी किती प्रश्न विचारले, किती मुलांनी उत्तरं दिली, किती वेळ फळ्याकडे तोंड होतं, हे मी वहीत रेघा मारून मोजत असे. माझ्याच खोलीत राहणारा एक जण होता, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, शिरपूरकडचा, बोलायला गोड. त्याच्या पाठानंतर मी उभा राहिलो आणि सांगितलं, की पस्तीस मिनिटांत गुरुजी एकेचाळीस वेळा ‘बरं का’ म्हणाले. सगळे हसले. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आकडा खोटा नव्हता. आजही मी तोच सांगेन.

माझ्या टीकापाठाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गाचा मॉनिटर माझ्याकडे आला. मागे पहिल्या रांगेतली आणखी सात पोरं.

“गुरुजी, सकाय तुमना पाठ शे ना?”

“उद्या आहे. का?”

“शेंगा लयनात का?”

शेंगा आणल्या का, असं तो विचारत होता, जसं वाण्याने पिशवी आणली का विचारावं. मग मला कळलं ते असं. ज्याचा पाठ असेल त्याने आदल्या दिवशी या आठ जणांना मूठ मूठ भुईमुगाच्या शेंगा द्यायच्या आणि प्रश्नांची उत्तरं पाठ करून घ्यायची. दुसऱ्या दिवशी हात पटापट वर होतात, पाठ रंगतो, शेरा चांगला पडतो. आमच्या आधीच्या कित्येक तुकड्यांनी हेच केलं होतं.

“मी शेंगा देणार नाही,” मी म्हणालो.

मॉनिटरने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “मंग आम्ही बी नही बोलसूत.”

“नका बोलू.”

खोलीवर मी हे सांगितलं तेव्हा तो शिरपूरकडचा सोबती खो खो हसला. “नाना, दोन मुठी शेंगांनी तुमचा हात झडणार आहे का?”

“लाच देऊन मी शिकवणार नाही.”

“लाच कसली? खाऊ तो. उद्या तोंडघशी पडाल तेव्हा आठवण येईल.”

पडलो. विषय शेर-मणाचा होता. मी पहिला प्रश्न विचारला आणि पहिली रांग हाताची घडी घालून माझ्याकडे बघत राहिली. मागच्या रांगांतल्या मुलांना कोणी काही विचारण्याची सवयच नव्हती. ती पहिल्या रांगेकडे बघत राहिली. मी सोपा प्रश्न विचारला. मग त्याहून सोपा. शेवटी एका मणात शेर किती, हे मी सेहेचाळीस मुलांना विचारलं, आणि बाजूच्या वर्गातला पाढ्यांचा गलका तेवढा ऐकू येत राहिला. पस्तीस मिनिटं मी एकटा बोललो.

टीकेला सोबतीच पहिला उठला. “नानांना आकड्यांची आवड, म्हणून आकड्यांतच सांगतो. प्रश्न सत्तावीस. उत्तरं शून्य.”

मी मोजले नव्हते, पण आकडा बरोबर असावा. आमच्या गणिताच्या अध्यापकांनी ‘वर्गावर ताबा नाही’ असा शेरा दिला आणि शंभरात एकतीस गुण. पास व्हायला पस्तीस लागत.

मी त्या वर्गाच्या शिक्षकांकडे गेलो. सोळा वर्षं त्यांच्याकडे चौथीच होती. शेवटच्या पाठाआधी वर्गाची ओळख व्हावी म्हणून एखादा तास मला मिळेल का, एवढंच विचारलं.

“माझा वर्ग म्हणजे काय बैलजोडी आहे, जुंपून बघायला?” ते म्हणाले. “इथं आजवर जो आला त्यानं पाठ दिला, पास झाला, गेला. तुमचंच काय सोनं लागून गेलंय?”

“मागच्या मुलांना कोणी विचारतच नाही, गुरुजी.”

“विचारू नयेच. हुशार पुढं बसवली आहेत ती कशासाठी? मागचा सगळा भरताड आहे. पाठाला वेळ असतो पस्तीस मिनिटं, त्यात भरताड उपसत बसाल तर घरी जाल.”

घरी जाण्याची वेळ तशीही आली होती. तास मिळाला नाही. पण दुसऱ्यांचे पाठ बघायला रोज वर्गात बसणं हे माझं कामच होतं, आणि बघणाऱ्याने भिंतीशी खुर्चीवरच बसावं असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी खाली, शेवटच्या बसकरपट्टीवर, मुलांच्या मध्ये मांडी घालून बसू लागलो. इतर हसत. मॉनिटर मागे वळून वळून बघे.

मागची मुलं काही साधीभोळी नव्हती. पहिल्याच दिवशी एकाने माझ्या कोटाच्या पाठीवर खडूने शेपूट काढलं, आणि ते घेऊन मी खोलीवर, गल्ली नंबर चारपर्यंत चालत गेलो. पण तिथे बसल्यावर खुर्चीवरून न दिसणारी गोष्ट दिसली. पुढे गुरुजी गणित घालत, पुढचा मुलगा पाठ केलेलं उत्तर देई, आणि तेवढ्या वेळात मागे पाट्यांवर गणित सुटलेलं असे. कोणी विचारणार नाही हे माहीत असल्यामुळे थुंकी लावून लगेच पुसलंही जाई. मी पाट्या बघू लागलो. ज्या अडतीस मुलांना भरताड म्हटलं होतं, त्यांतल्या पंधरा-सोळांची उत्तरं रोज बरोबर असत. शेवटच्या रांगेत एक मुलगी होती, नाक सतत वाहणारी, कोणाशी न बोलणारी. तिचं उत्तर नेहमी पहिलं.

सहा आठवडे मी असा बसलो. सूतकताईच्या तासालाही त्यांच्यातच बसून टकळी फिरवली. त्या वेळी शाळेत प्रत्येक विषय उद्योगाला जोडून शिकवावा असा आग्रह होता. टकळीवर ओढलेल्या चार फूट धाग्याला एक तार म्हणत, आणि कोणी किती तार कातले ते रोज लिहिलं जाई. त्यावरून मी शेवटच्या पाठाला विषय घेतला सरासरी. पाच मुलांचे तार: वीस, चोवीस, अठ्ठावीस, बावीस, सव्वीस. बेरीज एकशे वीस. सरासरी चोवीस. टाचण वहीत सगळं नीट लिहिलं, प्रश्न, उत्तर, फळ्यावरचं काम. वही खोलीत माझ्या ट्रंकेवर असे. ती आत कुलपात ठेवावी असं मला सुचलं नाही.

परीक्षक काळी टोपी घातलेले, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. माझी टाचण वही मांडीवर उघडून बसले. मागे आमची मंडळी, त्यांत सोबती. मी फळ्यावर पाच आकडे लिहिले आणि वळलो. अजून तोंड उघडलं नव्हतं.

“चोवीस!” मॉनिटर उभा राहून ओरडला. आणि लगेच सगळी पहिली रांग, “चोवीस, गुरुजी! चोवीस!”

परीक्षकांनी वहीत पाहिलं. तिथे उत्तराच्या रकान्यात चोवीस होतं. त्यांनी लाल पेन्सिल उचलली. मी मागे पाहिलं. सोबती मान खाली घालून वहीत भराभर काही लिहीत होता, आणि लिहिण्याजोगं अजून काही घडलेलंच नव्हतं.

वर्ग पढवलेला आहे, एवढे तीन शब्द त्या लाल पेन्सिलीने लिहिले की मी संपलो होतो. मी डस्टर उचललं, अठ्ठावीस पुसले आणि तिथे तीस लिहिले.

“आता सांगा.”

“चोवीस!” पहिली रांग.

“कसे?”

पहिली रांग गप्प. मी सरळ मागे चालत गेलो आणि शेवटच्या रांगेपाशी उभा राहिलो. “पाट्या पुसायच्या नाहीत. बोला.”

ती मुलगी उठली. “चोवीस नही, गुरुजी. दोन उरतस.”

तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो होतो. बेरीज एकशे बावीस. पाचाने भाग जात नाही, आणि या वर्गाला अपूर्णांक अजून शिकवलेले नव्हते. तेहेतीस लिहिले असते तर पंचवीस बरोबर आले असते. आठ वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला घाईत एक धड आकडा निवडता आला नव्हता. मुलांना समजेल असं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, म्हणून मी प्रश्नच विचारला. “मग त्या उरलेल्या दोन तारांचं काय करायचं?”

पाट्यांवर पेन्सिली कुरकुरू लागल्या. मग तीच पोर नाक पुसत म्हणाली, “आजून तीन तार काता. मंग बठ्ठास्ले पंचवीस-पंचवीस येतीन.”

म्हणजे सगळ्यांना पंचवीस यायला तीन तार कमी; सरासरी चोविसाहून जास्त आणि पंचविसाहून कमी. सरासरी म्हणजे काय हे याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. परीक्षक खुर्चीवरून उठून मागे आले. तिची पाटी हातात घेऊन त्यांनी विचारलं, “आणि सगळ्यांना सव्वीस हवे असतील तर?”

“आठ!” पलीकडून एक मुलगा. “पन ते मानीटरले कातू द्या. तोच रोज कमी कातस.”

मागच्या सगळ्या रांगा हसल्या. उरलेली वीस मिनिटं मी पहिल्या रांगेकडे पाहिलंच नाही.

पाठ संपल्यावर परीक्षकांनी वहीवर बोट ठेवलं. “टाचणात अठ्ठावीस आहे. फळ्यावर तीस का झाले?”

“टाचणातलं उत्तर वर्गाला आधीच माहीत होतं, साहेब.”

“तुम्ही पढवलंत?”

“नाही.”

“मग कोणी?”

“मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं सांगणार नाही. पहिल्या रांगेला विचारा.”

त्यांनी विचारलं. मॉनिटरला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. त्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं. “त्या मास्तरनी सांगं. दोन मुठा शेंगा दिन्ह्यात.” आणि जरा थांबून, “निम्म्या खवट व्हत्यात.”

सोबतीचा पाठ दुसऱ्या दिवशी होता. तो रद्द झाला. त्याने पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा बसावं असं ठरलं. वर्गाचे शिक्षक मला व्हरांड्यात भेटले. “आमच्या शाळेची अब्रू घालवलीत तुम्ही.”

“तुमच्या वर्गातल्या अडतीस मुलांना गणित येतं की नाही, हे सोळा वर्षांत तुम्ही विचारलं नाही,” मी म्हणालो. “आज परीक्षकांनी विचारलं.” ते तोंड फिरवून गेले. निघेपर्यंत आम्ही बोललो नाही.

मला शंभरात बासष्ट मिळाले. खाली शेरा होता: ‘आकडा बदलताना भाग जातो का ते आधी पाहावे. चार गुण कमी.’ ते चार गुण रास्त कापले होते.

पाठ रद्द झाल्याचं कळलं त्या दुपारी सोबती खोलीत माझ्यासमोर येऊन बसला. आवाज पुन्हा गोड झाला होता. “नाना, प्रिन्सिपॉलसाहेबांना एवढं सांगा, की ती आपसातली थट्टा होती.”

“थट्टा होती का?”

“माझी सोयरीक ठरली आहे. मुलीकडच्यांनी ट्रेन्ड मास्तर म्हणून होकार दिलाय. तुमच्या एका शब्दाचं काम आहे.”

“माझी नोकरी गेली असती.”

“पण गेली नाही ना!”

“तू काय केलंस ते तू स्वतः लिही. मी वही उघडी ठेवली होती हेही त्यात लिही. ते खरं आहे, त्याखाली मी सही करीन.”

त्याने लिहिलं नाही. वळकटी बांधली, रडणाऱ्या बाईसारखं एकदा नाक आत ओढलं, आणि दाराशी जाऊन म्हणाला, “नाना, तुम्ही माणूस नाही, तराजू आहात.” त्याची सोयरीक टिकली की मोडली, मला माहीत नाही. चौकशी करता आली असती, केली नाही.

जूनमध्ये बोर्डाचा कागद आला. त्यात ‘कायम’ हा शब्द होता. बायकोने विचारलं, आता तरी जीव थाऱ्यावर आला का? मी म्हटलं, आला.