सुलेमानी मण्यावरची केसाएवढी रेघ

“नाडा.”

माझा मणी उन्हाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा आणि एवढंच म्हणायचं, ही तिची रीत. म्हणजे मण्यावरची माझी पांढरी रेघ ही रेघ नाहीच, परकराचा नाडा आहे. मग मणी हातात परत न देता ती तो नुसता टाकून द्यायची. कुठे पडला, हेही बघायची नाही.

देऊळगाव राजात आमच्या गल्लीच्या टोकाला तिची पत्र्याची खोली होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याबद्दल माया मात्र कोणालाच नव्हती. गॅसच्या बत्तीवर काचेची कांडी वितळवायची, माती लावलेल्या तारेवर ती गुंडाळायची आणि मणी करायची. हुबेहूब सुलेमानी दगडासारखे. काळे, कडेला तपकिरी आणि मधून केसाएवढी पांढरी रेघ. तुम्ही हातात घेतला असतात तर खाणीतूनच आला म्हणाला असतात.

ती रेघ मला शिकायची होती. बाकी काही नको होतं. तेव्हाची मी म्हणजे पंचविशीची, दहावी पास आणि नाकाने कांदे सोलणारी. नातींना फोटो दाखवते तेव्हा त्या विचारतात, “आजी, तू एवढी रागात कोणावर?” कोणावर काय, त्याच बाईवर! दोन वर्षं तिच्या कांड्या तोडल्या, तिचे मणी राखेत निववले. पण रेघेसाठी काचेचा धागा ओढायची वेळ आली की ती पाठ फिरवायची.

“मावशी, दाखवा ना.”

“काऊन वं? तुह्या बापानं शिकवलं व्हतं काय मले?”

तिचा कायदा एकच. गिऱ्हाईक आलं की आधी ‘काच आहे’ म्हणायचं, भाव नंतर. मला त्या शब्दाची लाज वाटायची. बालाजीच्या यात्रेत जालन्याच्या एका बाईने माळ उचलून विचारलं, “दगड आहे का हो?” मी मान डोलवून म्हणाले, “अस्सल.”

मावशी मागेच उभी होती. तिने माळ हिसकून विटेवर ठेवली आणि हातोडीने एकेक मणी फोडला. तिचंच पंधरा दिवसांचं काम. “पाहा बाई, अस्सल कसं फुटते ते. हे पोरगी लबाड आहे.” लोक हसले. मग माझ्याकडे वळली. “उद्यापासून दिसू नको मले.”

“तुमची रेघ सरणावर घेऊन जा!” मी भर यात्रेत ओरडले. काय ती अक्कल, आणि काय तो आवाज!

मग मी तिच्या नाकावर टिच्चून घरीच बत्ती लावली. किती वर्षं आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. ती जाता-येता ओट्यावरचा मणी उचलायची आणि तो एक शब्द टाकून पुढे जायची. पुढे तिचे गुडघे गेले, तेव्हा मुलाने तिला साखरखेर्ड्याला नेलं. मी मात्र चिडून ओढतच राहिले. कांडी आचेत असताना धागा ओढला की तुटतो, म्हणून मी तो जाड ठेवायची. कांडी बाहेर काढून तीनपर्यंत मोजायचं आणि मग ओढायचं, बस. तीनपर्यंत मोजायला मला अकरा वर्षं लागली. दहावी पास!

राखेतून केसाएवढ्या रेघेचा मणी निघाला त्या दिवशी तो घेऊन मी पहिली एसटी पकडली. वाटेत शिव्यांची उजळणी केली. तिच्या तोंडून ‘रेघ’ म्हणवून घेतल्याशिवाय उठणारच नव्हते.

दार सुनेने उघडलं. “तुमी देऊळगावच्या का? आत्याबाई गेल्या हो. परवा तिसरा झाला.”

मला रडू आलं नाही. संताप आला. भांडण असं अर्ध्यावर टाकून कोणी जातं का?

“माझ्याबद्दल काही बोलल्या?”

सून घुटमळली. “म्हणत, ते भांडाले येईनच. बसव तिले, चहा दे. बिनसाखरेचा.”

तिने ओशाळत तसाच आणला. मी मण्याची मूठ मिटलेलीच ठेवून दुसऱ्या हाताने तो कडू काढा थेंबापर्यंत संपवला आणि कप पुढे केला.

“अजून अर्धा दे वं.”