न चिडणारे साहेब

जवळा भाजल्याचा वास आला की माजिवड्याच्या घरातली ती दुपार आठवते. आई जवळा भाजत होती आणि बाबा फोन कानाला लावून कॉम्प्युटरसमोर बसलेले. स्क्रीनवर व्हायरस आल्याची सूचना दिसली, म्हणून तिथल्याच नंबरवर त्यांनी फोन केलेला. माऊसला हात न लावता बाण फिरत होता, बँकेचं खातं उघडत होता आणि बाबा पलीकडच्या माणसाला सांगत होते, “साहेब, ठाण्याला आलात की जेवायला या.” मी धावत जाऊन वायर उपटली, पण तोवर त्यांची साठवलेली पेन्शन गेलेली. “मला का नाही विचारलंत?” मी ओरडलो. बाबा म्हणाले, “तू चिडतोस रे. त्यांना चारदा विचारलं, तरी शांतपणे सांगितलं त्यांनी.” आता मी अजिबात चिडत नाही, पण बाबांनी त्यानंतर मला काहीच विचारलेलं नाही.