कैचीनं कापलेला फोटो आणि वसंतकाका

आमच्या घरात चाळीस वर्षं जे कुणीच विचारलं नाही, ते विचारणारा माणूस आज सकाळी गेला.

वसंतकाका. आमगावात स्टेशनकडे जाताना डाव्या हाताला ज्यांचा फोटो स्टुडिओ होता, ते.

मोबाइलवर व्हिडिओ बनवायची सोय सगळ्यांच्या हातात यायच्या आधीची गोष्ट आहे. कुणाचा साठीचा कार्यक्रम, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस असला की जुने फोटो पिशवीत भरून लोक काकांकडे जायचे. काका ते स्कॅन करायचे, ओळीनं लावायचे, मागे गाणी टाकायचे आणि डीव्हीडी राइट करून द्यायचे.

काम चोख. पण प्रश्न फार.

आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा मी नागपूरहून चार दिवसांची सुट्टी टाकून आले होते. मला वाटलं, पिशवी द्यायची आणि मोकळं व्हायचं.

काकांनी मला स्टुलावर बसवलं.

"हा कोण? ही कोण? हे मागं धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं कोणाच्या वावरातलं?"

"काका, तुम्हाला कायले पाहिजे एवढं?"

"मले नाही समजलं तर मी गाणं कोणतं लावू?"

दोन तास हेच चाललं. मग त्यांच्या हातात एक फोटो आला. बाबा नवरदेवाच्या वेशात. कपाळाला बाशिंग, खांद्यावर शेला. शेल्याला पदराची गाठ.

आणि गाठीच्या पुढे फोटोच नाही.

मी हा फोटो लहानपणापासून पाहिला होता. "ओल लागून खराब झाला तो. काढून टाका," मी म्हटलं.

काकांनी तो दिव्याखाली धरला. कडेवरून बोट फिरवलं.

"ओल असं सरळ नाही खात बेटा. हे कैची हाय."

मीही कडेवरून बोट फिरवलं.

"आईच्या लग्नाचा दुसरा फोटो हाय का घरी?"

नव्हता. एकही नव्हता. आणि हे मला त्या स्टुलावर बसून पहिल्यांदा जाणवलं.

"आईले विचारून ये," काका म्हणाले. "नाही सांगितलं तर राहू दे. पण विचार."

मला राग आला होता. पण घरी जाईपर्यंत रागापेक्षा ते कोडंच मोठं झालं.

आई लाखोळीची डाळ निवडत होती. मी फोटो पुढे धरला.

"आई, हा कोणी कापला?"

तिचे हात थांबले. "वसंतानं विचारलं?"

"हाव."

"तू कधी नाही विचारलं."

ती उठली. आतल्या खोलीतली तिची लोखंडी पेटी उघडली. तळाशी एका जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेला दुसरा अर्धा भाग होता.

नवरी. डोळे खाली. आईसारखीच दिसणारी, पण आई नव्हे.

"यशोदा. माही मोठी बहीण. तुया बाबाची पयली बायको."

देवरीकडच्या माझ्या आजोळी, आम्हा भावंडांपुढे, हे नाव एकदाही निघालं नव्हतं. लग्नानंतर वर्षभरात यशोदामावशी तापानं गेली. मग धाकटीला, म्हणजे आईला, त्याच घरी दिलं.

"मी आली त्या दिवशी सासूबाईनं फोटो कापला. म्हणे, नवी दारात आली, आता जुनीचा फोटो घरात नको. अर्धा मायाच हातात देला. चुलीत टाक म्हणे."

"मग?"

"नाही टाकला."

एवढं सांगून ती पुन्हा डाळ निवडायला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "वसंताले दे दोन्ही. जोडता येते का, पाहा म्हणा."

"कार्यक्रमात दाखवायचा? सगळ्या नातेवाइकांपुढे?"

"दाखव. बाबाले सांगू नको."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. हळहळ नाही, शेरा नाही. फक्त विचारलं, "आवाज कसा होता तिचा? गात होती का?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"मग या फोटोले गाणं नाही लावत," ते म्हणाले.

समाजभवनात भिंतीला पांढरी चादर बांधली होती. बाकी फोटोंना पाच-पाच सेकंद. सनईवर बालपणाचे फोटो गेले, मग शाळेचे. मग सनई थांबली आणि तो फोटो आला. अख्खा. जोड कुठे होता ते मलाही दिसेना.



बाबा खुर्चीतून उठले. चालत चादरीपाशी गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, बसा ना, दिसून नाही राहिलं."

काकांनी रिमोटनं डीव्हीडी तिथंच थांबवली.

बाबा किती वेळ उभे होते, सांगता येत नाही. मग त्यांनी वळून आईकडे पाहिलं.

"चुलीत नव्हता टाकला?"

म्हणजे आजीनं काय करायला सांगितलं होतं, ते त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं.

आई जागेवरूनच म्हणाली, "माही बहीण होती. पाहून घ्या नीट, मग बसा."

बाबांनी पाहिलं. मग बसले, आईच्या शेजारी. काकांनी पुढचा फोटो सुरू केला.

त्या वर्षीपासून पितृपक्षात नवमीला यशोदामावशीच्या नावानं आमच्या घरी पान वाढलं जातं. बाबा होते तोवर ते स्वतः वाढायचे. ते जाऊन आता चार वर्षं झाली.

मी काकांना नंतर एकदा विचारलं होतं, "आईनं सांगितलंच नसतं तर?"

"तर अर्धा लावला असता. काढून नसता टाकला."

सकाळी काका गेल्याचं कळताच मी आईला फोन केला. ती म्हणाली, "मी आताच जाऊन राहिली त्याच्या घरी. तू ये."

गाडीत बसून हे लिहिते आहे.

वसंतकाका, तुम्ही विचारलंत, त्यामुळे मला माझी मावशी कळली.

आमच्या सगळ्या घराकडून तुम्हाला शेवटचा नमस्कार.