एसटीतली समिती

राहात्याहून येताना एसटीत शेजारच्या बाई म्हणाल्या, “यंत्र बदलायलाच हवं.” मी लगेच आमच्या मिक्सरचं गाऱ्हाणं सुरू केलं. त्या तर पैसे मंजूर करणाऱ्या समितीपुढच्या उद्याच्या भाषणाची तालीम करत होत्या! शास्त्रज्ञ होत्या, बॅटरीतल्या पावडरीवर न्यूट्रॉनचा झोत सोडून आतले अणू कुठे बसलेत ते बघायच्या. समितीने नवं यंत्र नाकारलं, तर त्यांचं बॅटरीवरचं संशोधन थांबणार होतं.

“काका, तुम्हीच समिती व्हा.”

मी पोट पुढे काढून म्हणालो, “जुन्यावर भागतंय की!”

चष्मा कपाळावर सरकवत त्या म्हणाल्या, “बॅटरी चार्ज होताना अणू जागा बदलतात. जुन्या यंत्राला ते टिपायला दिवस लागतो. लग्न लागून गेल्यावर फोटोग्राफर पोचावा, तसं.”

पटलं. पण रुबाब सुटेना. “विचार करू,” म्हणत मी सावेडीला उतरलो.

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, “अहो, पटल्यावर तरी हो म्हणावं माणसानं! खऱ्या समितीपुढे तिला तेवढाच धीर आला असता.”