बहिणीच्या जागी

सरकारनं मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, मोडली त्या सुमारास माझी थोरली बहीण बाळंतपणात मेली. पोरगी तेवढी जगली. आम्ही गोंड. आमच्या गोंडी मुलखातल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी आमची झोपडी होती, आणि बहीण गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी धान कांडायला जायची. ते काम हातचं जाऊ नये म्हणून, तिला माती दिल्यावर भाऊजीनं मला तिथं पाठवलं. माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

बहीण उंच, हडकुळी, गालांवर देवीचे वण. मी बुटकी, रुंद तोंडाची. दारात उभी राहून मी "बाई, मी..." एवढंच बोलले. मालकीण सूप पाखडत होती. माझ्या पोटाकडे पाहून म्हणाली, "मोकळी झालीस का वो? काय झालं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरगी."

"पोरगीच होणार. जा, धान टाकून ठेवलं हाये."

मग बहिणीच्या चुकांचा मारही मीच खाल्ला. "पोळ्याले सांगितलं होतं ना तुले, कोंडा गुरांचा हाये म्हणून?" असं म्हणत तिनं पळीचा दांडा माझ्या मनगटावर हाणला. पोळ्याला मी त्या घरात पायही ठेवला नव्हता.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही त्या घरच्या सुना सारख्याच दिसल्या. साऱ्या गोऱ्या, साऱ्यांचा डोक्यावर पदर. पण मला त्या ओळखाव्याच लागल्या. धाकटीचा निरोप थोरलीला दिला तर शिव्या कोण खाणार? मला ओळखलं नाही म्हणून मालकिणीचं काहीच अडत नव्हतं.

उन्हाळ्यात भाऊजी सरपणाची मोळी टाकायला आला. मालकीण ओरडली, "अवो, तुझा नवरा आला!"

तेव्हा मात्र राहवलं नाही. "तो माझा नवरा नाही, बाई. आधी धान कांडायला यायची ती माझी बहीण होती. ती मेली."

तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कवा?"

"दिवाळीच्या आधी."

"मंग इतके दिस धान कोण कांडून राहिलं होतं?"

"मी."

"मंग झालं तर. तुमी साऱ्या एकसारख्याच दिसता, मी तरी काय करू?" आणि ती सुपाकडे वळली.

भाऊजीनं अंगणातून सारं ऐकलं होतं. आम्ही दोघं घरी निघालो. नाला ओलांडल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "काम तं नाही ना गेलं?"